प्रॉमिथिअस

ग्रीक पुराणकथांतील एक टायटन (झ्यूसच्या आधीच्या देवकुळातला). देवराज झ्यूसला न जुमानता त्याने मानवांसाठी अग्नी चोरून आणला. त्याची उपलब्ध कथांतील सर्वांत जुनी कथा हेसिअडच्या (इ.स.पू. सु. ७००) ‘थिऑगनी’ व ‘वर्क्स अँड डेज’ या काव्यांत येते. मेकोनी या ठिकाणी देव व मानव यांच्यात बैलाचे वाटे करताना त्याने चांगले मांस बैलाच्या जठरात दडविले आणि नुसती हाडे लकाकत्या चरबीखाली मांडली. झ्यूसने चरबीचा वाटा उचलला (कपट ओळखूनच, असे हेसिअड म्हणतो) व रागाने मानवांपासून अग्नी हिरावून घेतला. प्रॉमिथिअसने तो नार्थेक्स नावाच्या, बडीशेपेच्या कुळातील उंच वनस्पतीच्या दांड्यात लपवून परत आणला. या दांड्याचा भेंडासारखा गाभा आतल्या आत धुमसत राहतो आणि साल शाबूत राहते, त्यामुळे विस्तव नेण्यासाठी तो खरोखरीच वापरला जाई. शिक्षा म्हणून झ्यूसने त्याला जखडले; रोज एक गरुड त्याचे यकृत खाई आणि ते रात्रीतून पुन्हा वाढे. पुढे हेराक्लीझने गरुड मारला. मानवांना शिक्षा म्हणून पँडोरा ही पहिली स्त्री पाठविण्यात आली; तिने उघडलेल्या भांड्यातून सर्व दुःखे जगात पसरली. तिची प्रसिद्ध ‘पेटी’ मुळात रांजण (पिथॉस) होती, पेटी झाली ती सोळाव्या शतकात डच विद्वान इरॅस्मसच्या लॅटिन लेखनातून.

नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. जर्मन भाषाशास्त्रज्ञ आडाल्बेर्ट कून याने १८५९ मध्ये ते संस्कृत ‘प्रमन्थ’, म्हणजे अरणीत फिरविण्याची काठी, या शब्दाशी जोडले. अग्निसाधने प्रॉमिथिअसने शोधली, हे ग्रीक इतिहासकार डायोडोरसचे विधान या मताला पोषक वाटते. तथापि ‘प्रमन्थ’ हा शब्द उत्तरकालीन ग्रंथांतलाच आहे. काही भाषावैज्ञानिक वैदिक ‘मथ्’ (हिसकावणे) हा धातू ‘मन्थ्’ (घुसळणे) याहून वेगळा मानतात व प्रॉमिथिअसचा संबंध पहिल्याशी लावतात. ऋग्वेदात (१.९३.६) मातरिश्व्याने द्युलोकातून अग्नी आणला आणि श्येनाने (ससाण्याने) पर्वतावरून सोम ‘अमथ्नात्’ (हिसकावून आणला) असे एकाच ऋचेत म्हटले आहे, हे येथे लक्षणीय आहे. मात्र मातरिश्व्याला कोणी शिक्षा करीत नाही, आणि बंडखोरी हाच तर ग्रीक कथेचा गाभा आहे. स्वतः ग्रीक लोक नावाचा अर्थ ‘आधी विचार करणारा’ असाच घेत. एपिमीथिअस (‘मागाहून विचार करणारा’) या भावाचे नाव त्यावरूनच बेतलेले दिसते.

‘प्रॉमिथिअस बाउंड’ या शोकनाट्यात तो अंक, अक्षरे, वैद्यक, नौकानयन व धातुविद्याही मानवांना देतो. ते परंपरेने एस्किलसचे (इ.स.पू. सु. ५२५–४५६) मानले जाते, परंतु वृत्ते व शैली पाहता अनेक अभ्यासकांना, मार्क ग्रिफिथच्या १९७७ मधील विवेचनानंतर विशेषतः, ते त्याचे वाटत नाही, आणि हा संशय निराधार म्हणता येत नाही. मानवाला प्रॉमिथिअसने मातीतून घडविले ही कथा बहुधा नंतरची असावी.

अथेन्सच्या अकादमी या शहराबाहेरील उपवनात त्याची वेदी होती. तेथून शहरापर्यंत पेटत्या मशालीची शर्यत होई. पहिल्याची मशाल विझली तर विजय दुसऱ्याचा, त्याचीही विझली तर तिसऱ्याचा, आणि सर्वच विझल्या तर कोणाचाच नाही, असे ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनिअस (इ.स. दुसरे शतक) नोंदवितो. मध्य ग्रीसच्या फोकिस प्रदेशातील पॅनोपिअस येथे मानवनिर्मितीतून उरलेल्या मातीचे म्हणून दाखविले जाणारे दोन मोठे दगडही त्याने पाहिले होते. त्यांना माणसाच्या त्वचेसारखा वास येई, असे तो लिहितो.