उष्ट्या कपातून कॅन्सर पसरत नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरातल्या कुणाला जिभेचा किंवा घशाचा कॅन्सर निघाला की त्याचा चहाचा कप वेगळा होतो, मागोमाग ताटही. ‘थुंकीत व्हायरस असतो’ या मोबाइलवरच्या वाक्याने ही भीती आणखी पक्की होते. घशाचे काही कॅन्सर घडवणारा एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) हा विषाणू लाळेत सापडतो, हे खरेच. पण कॅन्सरची पेशी उष्ट्यातून दुसऱ्याच्या तोंडात रुजत नाही. विषाणूही मुख्यतः लैंगिक संबंधांतून, विशेषतः मुखमैथुनातून घशात पोचतो आणि बहुतेकांचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकून लावते.

क्वचित त्याचा एचपीव्ही-१६ हा प्रकार टॉन्सिलच्या खाचांत किंवा जिभेच्या मुळाशी ठाण मांडतो. पुढचा त्याचा डाव विलक्षण आहे. त्याच्या डीएनएत जेमतेम ८,००० अक्षरे. प्रती काढण्याची बहुतेक सामग्री त्याला आपल्या पेशीकडूनच घ्यावी लागते, आणि ती विभाजनाच्या वेळीच हाताशी येते. म्हणून त्याचे ई७ हे प्रथिन पेशीतल्या आरबी या प्रथिनाला धरते. विभाजन रोखणारे तेच. आरबी अडकले की पेशी विभागू लागते. हे अवेळी चालले आहे असे कळताच पी५३ नावाचे प्रथिन पेशीला थांबवते, नाहीतर मरायला लावते. तिथे विषाणूचे दुसरे प्रथिन, ई६, आडवे येते. ते स्वतः पी५३ तोडत नाही. पेशीचेच एक एन्झाइम वापरून ते पी५३वर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण करवते, जंगलात तोडायच्या झाडावर करतात तशी. ती खूण पाहून प्रोटिअसोम हे पेशीतले प्रथिने तोडणारे यंत्र पी५३चे तुकडे करते. मग पेशीच्या डीएनएतल्या चुका साचत जातात. गाठ व्हायला कित्येकदा दशके लागतात.

गालाचे आणि हिरडीचे कॅन्सर मात्र आपल्याकडे बहुतांशी तंबाखूचे, मिश्रीचे आणि सुपारीचे. श्रीवर्धनची रोठा सुपारी कितीही नावाजलेली असो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली सुपारीला कर्करोगकारक ठरवले, तंबाखूशिवाय खाल्ली तरी. आणि तोंडातली जखम भरत नसताना कौल लावण्यात, अंगारा लावण्यात महिने घालवलेले पाहिले की जीव तुटतो. गाठ तेवढ्यात वाढत असते.

एचपीव्हीमुळे झालेला घशाचा कॅन्सर किरणोपचारांना तंबाखूच्या कॅन्सरपेक्षा चांगली दाद देतो. तंबाखूच्या गाठींत बहुधा पी५३चा जनुकच बिघडलेला असतो. एचपीव्हीच्या गाठींत जनुक सहसा शाबूत असतो, फक्त त्याचे प्रथिन टिकत नाही. उपचार लागू पडण्यामागे हे एक कारण मानले जाते.