सारावाकमधली जंगलतोड आणि १ जानेवारी १९५८

बोर्निओ बेटावरच्या सारावाक या मलेशियाच्या राज्यातल्या जंगलतोडीचा विषय निघाला की सुरुवात बहुतेकदा १९८७ पासून होते. त्या वर्षी बाराम आणि लिंबांग नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत पेनान आणि इतर आदिवासी लाकूडतोड कंपन्यांचे रस्ते अडवून बायकामुलांसह बसले. ट्रक थांबले, धरपकड झाली. वर्ष संपायच्या आत वन कायद्यात दुरुस्ती होऊन ओंडके वाहून नेणारा रस्ता अडवणे हा कैदेचा गुन्हा ठरला.

पण भांडणाचे मूळ त्याआधीचे आहे. ब्रिटिश राजवटीत लागू झालेल्या जमीन कायद्याने १ जानेवारी १९५८ ही तारीख ठरवून टाकली. त्याआधी रान तोडून जी जमीन कसली, तिच्यावर वहिवाटीचा हक्क. पुढे नवे रान तोडायचे तर परवाना हवा. अशी रेघ कुठेतरी ओढावीच लागते, नाहीतर जमिनीचा हिशेबच लागणार नाही, असे सरकारी बाजू सांगत आली. फिरती शेती करणाऱ्या इबान लोकांना निदान जुनी शेते तरी दाखवता आली. शिकारीसाठी आणि घरबांधणीच्या लाकडासाठी राखलेले रान मात्र वादातच राहिले.

पेनानांचे काय? ते मुळात रान तोडतच नव्हते. साबुदाण्याच्या जातीचा रानमाड हे त्यांचे मुख्य अन्न. या माडांचा एखादा झुबका, म्हणजे बेट, खूण करून आपले म्हणायचे, जून खोड तेवढे पाडायचे, कोंब वाढू द्यायचे आणि काही वर्षांनी परत यायचे. कोर्टात पुरावा म्हणून जुनी हवाई छायाचित्रे आली, तेव्हा या वहिवाटीचा त्यांत मागमूस नव्हता. वरून दिसत होते ते अखंड जंगल. ज्यांनी रान राखले त्यांच्याच हाती कागद उरला नाही, आणि हा अन्याय कायद्याने केला.

त्यामुळे लाकूडतोडीचे परवाने देताना अशी राने मोकळी धरली गेली. १९८० च्या दशकात तोड डोंगरउतारांवर चढली, ओंडके मुख्यतः जपानला जाऊ लागले. १९९० मध्ये एका आंतरराष्ट्रीय पथकाने वर्षाला सुमारे ९२ लाख घनमीटरची मर्यादा सुचवली. तोड तेव्हा त्याच्या जवळपास दुप्पट होती. बुलडोझरने ओंडके ओढलेल्या वाटांवरून पावसात माती थेट ओढ्यात येते. पाणी गढूळ, मासे कमी, रानडुकरे लांब पळालेली, माडांची बेटे चिरडलेली. त्याच रस्त्याने दवाखाना जवळ आला हे खरे, पण आता तांदूळ विकत घ्यावा लागतो आणि हातात रोकड नसते. पुढे तोडलेल्या कित्येक रानांत पामतेलाच्या बागा उभ्या राहिल्या.

२००१ मध्ये एका निकालाने आदिवासींनी राखलेल्या रानावरचा त्यांचा हक्क मान्य केला. २०१६ मध्ये वरच्या न्यायालयाने त्याला कायद्याचा आधार नाही असे सांगितले. २०१८ च्या दुरुस्तीने वाट थोडी उघडली, पण कमाल मर्यादा १,००० हेक्टर, म्हणजे १० चौरस किलोमीटर. पेनानांचा एकेक गट याच्या कितीतरी पट रानात फिरत आला आहे.