सॉफ्टवेअर बसवलं म्हणजे माल वेळेवर जाणार?

कुपवाड एमआयडीसीत चहाच्या गाड्यावर वर्षानुवर्षं ऐकू येणारं वाक्य: "सॉफ्टवेअर बसवा, प्लॅनिंगची कटकट संपली." तसं होत नाही.

हे सॉफ्टवेअर मुळात कोणतं साहित्य किती आणि कधी मागवायचं याचा हिशेब करतं. साहित्याच्या गरजेचा हा हिशेब, म्हणजे एमआरपी (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, पाकिटावरची किंमत नव्हे), 1960 च्या दशकात अमेरिकेत आकाराला आला. जोसेफ ऑर्लिकी यांचं नाव त्यात अग्रणी. गणित शाळेतलंच. 200 पंपांची ऑर्डर, पंपाला 8 बोल्ट, म्हणजे 1,600. स्टोअरला 500 शिल्लक, तर 1,100 मागवा. यायला 10 दिवस लागतात, तर तितके आधी. पण कुणी घाईत स्टोअरमधले 200 बोल्ट उचलले आणि नोंदच केली नाही, तर? पडद्यावर सगळं हिरवं, असेंब्ली ठप्प. (खंडेनवमीला कॉम्प्युटरला हार पडतो, स्टोअरची मोजणी मात्र मार्चअखेरीलाच!)

दुसरी गोम कमी लोकांना ठाऊक असते. साधा एमआरपी मशीनची क्षमता अमर्याद धरतो. एकाच लेथवर एका दिवसात 40 तासांचं काम टाकून मोकळा होतो. क्षमतेनुसार वेळापत्रक लावणारा भाग वेगळा असतो, आणि त्याला सेटिंगचा वेळ, बंद पडलेलं मशीन, जत्रेच्या आठवड्यातले खाडे कुणीतरी सांगावे लागतात. बहुतेक वेळा ते फक्त सुपरवायझरच्या डोक्यात असतात.