पाळीव ससाण्यांमधील औषध-प्रतिरोधी जीवाणू : पार्श्वभूमी

आखाती देशांत ससाणे पाळून त्यांच्याकरवी शिकार करण्याची परंपरा फार जुनी आहे. २०१० साली युनेस्कोने या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, पण त्याच्या बरेच आधी, दुबईत १९८३ साली आणि अबुधाबीत १९९९ साली, केवळ ससाण्यांसाठी रुग्णालये उभी राहिली होती. अशा पक्ष्यांमध्ये प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू आढळले की दोष सहसा उपचार करणाऱ्यांना दिला जातो. तो निम्माच खरा आहे. उरलेल्या निम्म्याची मुळे कुक्कुटपालनात आहेत.

उपचारांची बाजू पायाच्या तळव्यावर स्पष्ट दिसते. बंदिवासातील ससाणा बराच वेळ एकाच बैठकीवर असतो; वजन वाढले, बैठक कठीण असली किंवा स्वतःचेच नख तळव्यात रुतले, तर तेथील त्वचा लाल व पातळ होते आणि त्या भेगेतून बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू आत शिरतो. पक्ष्यांचा पू पातळ नसून चीजसारखा घट्ट असतो, त्यामुळे तो शस्त्रक्रियेने खरवडून काढावा लागतो. सुजलेल्या, व्रण धरलेल्या ऊतींपर्यंत औषध पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही, म्हणून उपचार आठवडेच्या आठवडे चालतात, आणि त्या काळात औषधाला पुरून उरणाऱ्या जीवाणूंनाच वाढायला वाव मिळतो.

दुसरी बाजू खाद्याची. एक दिवसाची कोंबडीची पिल्ले आणि लावे हे या पक्ष्यांचे नेहमीचे खाद्य असून पुष्कळदा ते आतड्यांसकट दिले जाते. गोठवल्याने सगळे जीवाणू मरत नाहीत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स यांना ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाच्या निर्मितीतील अवशेष खाऊ घातलेली पिल्ले लवकर वाढतात असे दिसले आणि पशुखाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची प्रथा पसरली. ब्रिटनमध्ये स्वान समितीने १९६९ सालीच तिचा धोका दाखवून दिला होता. तरीही युरोपीय संघाला वाढीसाठीची प्रतिजैविके पूर्णपणे बंद करायला २००६ साल उजाडले. हा विलंब मला अक्षम्य वाटतो, कारण एका जीवाणूतील प्रतिरोधाची जनुके प्लास्मिडांमार्फत (जीवाणूतील डीएनएच्या छोट्या, स्वतंत्र वलयांमार्फत) दुसऱ्या जीवाणूत सहज जातात, आणि कोंबडीच्या आतड्यातील ई. कोलाय हा जीवाणू खाद्यावाटे ससाण्याच्या आतड्यात पोहोचू शकतो. मग एकदाही औषध न घेतलेल्या पक्ष्यातही प्रतिरोध आढळू शकतो.

एन्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या इतिहासात या दोन्ही बाजू एकत्र येतात. अमेरिकेत १९९६ साली कोंबड्यांसाठी मंजूर झालेले हे औषध माणसांना होणाऱ्या कॅम्पायलोबॅक्टर या आतड्याच्या जीवाणूच्या संसर्गातील वाढत्या प्रतिरोधामुळे २००५ साली कुक्कुटपालनातून मागे घेण्यात आले, मात्र शिकारी पक्ष्यांच्या उपचारांत ते आजही सर्रास वापरले जाते. त्याचा काही अंश शरीरात सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये बदलतो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे माणसांना दिले जाणारे नेहमीचे औषध आहे. त्यामुळे एकाला न जुमानणारा जीवाणू बहुधा दुसऱ्यालाही जुमानत नाही, आणि रोज पक्ष्याला हातावर घेणाऱ्या व त्याची विष्ठा साफ करणाऱ्या माणसाशी त्या जीवाणूचा थेट संबंध येतो.