कंड्युइट (सुट्या इमारतीच्या वायरिंगसाठी)

घरापासून सुटी असलेली शेड, गॅरेज, गोठा किंवा पंपघर इथपर्यंत वीज नेताना वायरी ज्या पाईपमधून ओढतात तो कंड्युइट. तो निवडताना इमारतीच्या आधी मार्ग पाहावा लागतो. जमिनीखाली, जमिनीतून वर येताना आणि शेडच्या आत पाईपला वेगवेगळ्या गोष्टी सोसाव्या लागतात, त्यामुळे सगळीकडे एकच पाईप वापरण्याचा हट्ट धरू नये.

जमिनीखाली बहुधा पीव्हीसी किंवा एचडीपीई (दाट पॉलिथिन प्लास्टिकचा पाईप) योग्य ठरतो, कारण तो गंजत नाही. मात्र फावड्याच्या घावापुढे तो टिकत नाही, म्हणून खोल पुरावा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार पीव्हीसीवर साधारणपणे ४५० मिमी माती हवी. जाड भिंतीच्या लोखंडी पाईपला १५० मिमी पुरते. चर बुजवताना पाईपच्या वर धोक्याची रंगीत पट्टी टाकलेली बरी.

खरी कसोटी लागते ती पाईप मातीतून वर येऊन भिंतीला भिडतो तिथे. या टप्प्यावर ऊन लागते, चाके आणि अवजारे आपटतात, शिवाय भरावाची माती खचली की पाईप खाली ओढला जाऊन बॉक्समधून निसटतो. साधा पीव्हीसी उन्हाने ठिसूळ होतो. इथे अतिनील किरणे सोसणारा पीव्हीसी किंवा जस्तलेपित लोखंडी पाईपच घ्यावा. उघड्यावरची पीव्हीसीची रांग तापमानानुसार लांबते-आखडते: १० मीटर पाईप ४० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे २४ मिमी, तर तेवढाच लोखंडी पाईप जेमतेम ५ मिमी. म्हणून लांब रांगेत प्रसरण-कपलर, म्हणजे पाईपला लांबायला-आखडायला वाव देणारा सरकता सांधा, लागतो.

लोखंडी पाईपची अर्थिंग अखंड असलीच पाहिजे. पीव्हीसीमधून अर्थिंगची वेगळी वायर ओढावी लागते. गोठ्यात अमोनिया आणि ओलावा धातूला खातात, तिथे पीव्हीसीच बरा.

जमिनीखालचा पाईप कोरडा राहील असे कधीच धरू नये. सांधे कितीही घट्ट असले तरी आत दव साचते. ओल्या जागेसाठी बनवलेल्याच वायरी वापराव्यात आणि इमारतीत शिरणारे पाईपचे तोंड सीलिंग पुटीने बंद करावे, नाहीतर दमट हवा थेट डीबीपर्यंत (वीज वाटणाऱ्या स्विच-पेटीपर्यंत) पोहोचते.

तीन किंवा अधिक वायरी असल्यास पाईपच्या आतल्या क्षेत्रफळाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग भरू नये, आणि दोन ओढ-बॉक्सांमध्ये (वायर ओढण्यासाठी वाटेत बसवलेल्या पेट्यांमध्ये) एकूण वळण ३६० अंशांपुढे, म्हणजे चार काटकोनी बेंडांपुढे, जाऊ नये. प्रत्यक्षात एवढी वळणेही वायर ओढताना नकोशी होतात. पाईप कापल्यावर टोकाची आतली धार घासून काढली नाही, तर तीच ओढताना वायरीचे इन्सुलेशन सोलते. हिशेबापेक्षा एक माप मोठा पाईप टाकणे शहाणपणाचे: वायर नंतर बदलता येते, पुरलेला पाईप बदलायला पुन्हा चर खणावा लागतो. इंटरनेट किंवा कॅमेऱ्याच्या केबलसाठी त्याच चरात, पण अंतर राखून, वेगळा पाईप टाकतात.