प्रमाणबद्ध आरसी ट्रकचे हस्तकाम : कोकणातील पद्धत

रेडिओ-नियंत्रित, म्हणजे बोलीत ‘आरसी’, ऑफ-रोड ट्रकच्या तयार सांगाड्यावर खऱ्या गाडीचे बारकावे हाताने घडवून चढवण्याच्या छंदाला हस्तकाम म्हणतात. हौदा, फाळका, टपावरचा कॅरिअर, दिवे, ताडपत्री, नंबरपाटी, पत्र्यावरचा गंज आणि हौद्यातला माल हे सगळे त्यात येते. काचेच्या कपाटात ठेवायच्या मॉडेलशी याचे नाते जवळचे असले, तरी ही गाडी दगडांवर चढते, उलटते आणि चिखलात रुतते. त्यामुळे तपशील नुसता हुबेहूब असून भागत नाही. तो हलका हवा आणि मोडला तर चार स्क्रू काढून उतरवता आला पाहिजे.

या प्रकारच्या ट्रकची सुरुवात जपानच्या तामिया कंपनीच्या १९८१ सालच्या टोयोटा हायलक्सपासून मानली जाते. तीन गिअर आणि खऱ्या गाडीसारखे पाटे असलेला तो १:१० प्रमाणाचा ट्रक होता. २०१७ मध्ये आलेल्या ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ मध्ये चाकाजवळ गिअर असलेले पोर्टल अॅक्सल आणि रिमोटवरून लॉक होणारे डिफरन्शिअल (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडी) मिळू लागले. सांगाडे बाहेरून येतात. त्यांवर चढणारी गाडी कोणती, हे मात्र करणारा ठरवतो. कोकणात ती बहुधा थार, बोलेरो किंवा आंब्याच्या पेट्या वाहणारी पिकअप असते.

मापे

सर्वाधिक वापरले जाणारे प्रमाण १:१० आहे. मिलिमीटरमधले खरे माप घेऊन दहाने भागायचे, एवढेच गणित. तरीही बहुतेक गाड्या इथेच बिघडतात, कारण माप घेण्याऐवजी नजरेने ठरवले जाते. २०२० सालच्या थारची लांबी ३,९८५ मिमी, रुंदी १,८२० मिमी आणि दोन अॅक्सलमधले अंतर २,४५० मिमी आहे. म्हणजे मॉडेल ३९८ × १८२ मिमी आणि अॅक्सल-अंतर २४५ मिमी. बोलेरोचे हेच अंतर २,६८० मिमी, म्हणजे २६८. बाजारातले बरेच सांगाडे मात्र ३१३ मिमीचे असतात. अशा वेळी सांगाड्याच्या पट्ट्या कापून नवी भोके पाडावी लागतात आणि त्याच मापाने मधला शाफ्ट व लिंक, म्हणजे अॅक्सल सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्या, आखूड कराव्या लागतात. ते जमणार नसेल तर लांब हौद्याची पिकअप निवडावी. थारची बॉडी ओढून लांब केली की ती थार दिसत नाही.

टायरमध्ये तडजोड अटळ असते. थारच्या २५५/६५ आर १८ टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ७८९ मिमी भरतो. १:१० ला तो ७९ मिमी होतो. दगडांवर चढणाऱ्या आरसी ट्रकला १.९ इंच रिमवर १०५ ते १२० मिमीचे टायर लावतात. प्रमाणाचा हट्ट धरला तर गाडी पहिल्याच चिऱ्यावर पोट टेकून बसते. १.५५ इंचाची रिम आणि ९५ मिमीच्या आसपासचा टायर हा मधला मार्ग डोळ्यांनाही पटतो आणि चालतोही बरा.

वजनाचे गणित वेगळे असते. लांबी दहावा हिस्सा झाली की वजन हजारावा हिस्सा व्हायला हवे. १,७०० किलोची गाडी मग १.७ किलोची व्हावी, पण १:१० चा ट्रक अडीच ते साडेतीन किलोंचा असतो. त्यातच टपावर पितळी कॅरिअर, स्टेपनी आणि डबे चढवले की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि आडव्या उतारावर गाडी कलंडते. छताच्या रेषेवर एकूण १०० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. वर घातलेल्या प्रत्येक ग्रॅमला खाली, अॅक्सलवर किंवा रिमच्या आत, पितळी वजनाची जोड द्यावी लागते.

हौदा आणि माल

बॉडी पॉलिकार्बोनेटची, म्हणजे लेक्सनची, असेल तर ती हलकी असते. मात्र तिला रंग आतून द्यावा लागतो, वरून चढवलेला गंज तिच्यावर टिकत नाही आणि फेव्हिक्विक पहिल्या आपटीला सुटतो. हस्तकामासाठी एबीएस या जाड प्लास्टिकची कडक बॉडीच घ्यावी. लेक्सनवर जोडकाम करायचेच असेल तर रबरी चिकटद्रव्य आणि आतून वॉशरसह २ मिमी स्क्रू वापरावेत.

हौद्यासाठी सनबोर्डच्या दुकानात मिळणारी पीव्हीसी फोम शीट सोयीची पडते. ती कटरने कापता येते, पाण्याने फुगत नाही आणि स्वस्त असते. खरा हौदा आठ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद धरला तर मॉडेलचा तळ २४४ × १६८ मिमी होतो. तळाला ३ मिमी आणि बाजूंना २ मिमीची शीट पुरते. बाहेरच्या पत्र्याच्या उभ्या नळ्या दाखवायला १ मिमी स्टायरीन प्लास्टिकच्या पट्ट्या समान अंतरावर चिकटवाव्यात. जोडांच्या आतल्या कोपऱ्यात फेव्हिक्विकचा थेंब सोडून वर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की क्षणात दगडासारखा भराव होतो. तो कानशीने घासता येतो. फटी मोटारीच्या पुट्टीने भरून २२०, ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने फिरवावा. फाळक्याच्या बिजागरीला १ मिमी पितळी तार आणि बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचे तुकडे चालतात. ही शीट उष्णतेने मऊ पडते. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे ठेवलेला हौदा संध्याकाळपर्यंत वाकडा होतो आणि पुन्हा सरळ होत नाही.

आंब्याची पेटी हा कोकणातल्या मॉडेलचा सर्वांत देखणा तपशील, आणि सर्वांत जास्त चुकवलेलाही. आइसक्रीमची काडी २ मिमी जाड असते. १:१० ला ती २० मिमीची फळी होते आणि पेटी तुळयांची वाटते. अर्धा ते एक मिमीचा व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, घेऊन पट्ट्या पाडाव्यात. खरी पेटी समोर ठेवून तिच्या फळ्या मोजाव्यात आणि फळ्यांमधल्या फटीही दहाने भागाव्यात. खिळ्यांच्या डोक्यांसाठी पेन्सिलीचा ठिपका पुरेसा असतो. आत भाताचा पेंढा दाखवायला खरा पेंढा घेतला तर तो बांबूसारखा दिसतो. त्याऐवजी काथ्याचे तंतू बारीक कातरून भरावेत. बाहेरून न दिसणाऱ्या पेट्या बनवूच नयेत. थर्माकोलच्या ठोकळ्याला दिसतील तेवढ्याच बाजूंना पट्ट्या लावल्या की पूर्ण भरलेला हौदाही हलका राहतो. जांभ्याचे चिरे वाहणारी गाडी करायची असेल तर चिरेही असेच फोमचे कापून वर जांभ्याची पूड लावावी. खऱ्या जांभ्याचे तुकडे भरले की मागचे स्प्रिंग बसतात आणि चढावर पुढची चाके उचलली जातात.

दोर, जाळे आणि ताडपत्री यांतही हीच जाडी पाहावी. २० मिमीच्या दोरासाठी २ मिमी सुंभ हवे, म्हणजे बाजारचे सुंभ उकलून त्याचा एकच पदर घ्यावा लागतो. मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा हाताशी असतो म्हणून तो लावला जातो, पण त्याची २५ मिमीची भोके प्रमाणात पाव मीटरची होतात. मच्छरदाणीचे कापड त्याहून खरे दिसते. विंचला, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढणाऱ्या गुंडाळीला, पीळदार मासेमारी दोरी घ्यावी. तंगूस, म्हणजे एकपदरी नायलॉनचा दोरा, ताणाखाली लांबतो आणि ढिला पडला की गुंडाळीत अडकतो. ताडपत्रीसाठी जुन्या धोतराचे मऊ कापड फेव्हिकॉल आणि पाणी समभाग मिसळून त्यात बुडवावे, मालावर पसरून बोटांनी चुण्या पाडाव्यात आणि वाळल्यावर निळा किंवा काळपट रंग देऊन वर मॅट वार्निश मारावे.

नंबरपाटीचे माप बरोबर असेल तर सारी गाडी खरी वाटू लागते. मोटारीची लांबट पाटी ५०० × १२० मिमी, म्हणजे मॉडेलवर ५० × १२. खासगी गाडीला पांढऱ्यावर काळी अक्षरे, व्यावसायिक गाडीला पिवळ्यावर काळी. रायगडला एमएच-०६, सिंधुदुर्गला एमएच-०७, रत्नागिरीला एमएच-०८. बोनेटखाली लिंबू-मिरची टांगायची असेल तर एम-सीलचे ४ मिमीचे लिंबू आणि रंगवलेल्या दोऱ्याच्या मिरच्या कराव्यात.

कॅरिअर आणि दिवे

कॅरिअरला २ मिमी पितळी सळई उत्तम. लाकडी फळीवर कागदी आराखडा चिकटवून खिळ्यांच्या आधाराने सळया बसवाव्यात, जोड पॉलिश पेपरने चकचकीत करावेत, फ्लक्स (सोल्डर धातूला धरावा म्हणून लावायचा लेप) लावून किमान ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर करावेत. २५ वॅटचा आयर्न सळई तापवू शकत नाही. सोल्डर मग गोळा होऊन नुसता वर बसतो आणि पहिल्या उलटण्याला निखळतो. सायकलच्या तारा मजबूत असतात, पण स्टेनलेस असतील तर त्यांना आम्लाचा फ्लक्स लागतो आणि तो नंतर सोड्याच्या पाण्याने धुतला नाही तर आठवड्यात जोड कुजतो.

दिवे रिसीव्हरच्या, म्हणजे गाडीतल्या रिमोटचे संदेश घेणाऱ्या पेटीच्या, ६ व्होल्टवर चालवताना पांढऱ्या एलईडीला १५० ओहमचा आणि लाल एलईडीला २२० ओहमचा पाव वॅट रोधक प्रत्येकी स्वतंत्र जोडावा. त्याशिवाय जोडलेला एलईडी क्षणभर लख्ख पेटून जातो. जुन्या बोलेरोला निळसर पांढरा उजेड शोभत नाही, वॉर्म-व्हाइट घ्यावा. बॉडी वेगळी करता यावी म्हणून तारांच्या मध्ये जोडणी ठेवावी आणि सोल्डरवर श्रिंक ट्यूब, म्हणजे तापवल्यावर आकसणारी नळी, चढवावी. खाऱ्या हवेत उघड्या तांब्याला एका पावसाळ्यात हिरवा कळंक चढतो आणि दिवे लुकलुकू लागतात.

रंग, गंज आणि हवा

किनाऱ्यावर रंगकाम हवेच्या मर्जीने करावे लागते. पावसाळ्यात हवा दमट असताना लॅकर स्प्रे मारला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प बसते आणि रंगावर दुधी झाक येते. उघडीप पाहून, दुपारी, पातळ हात मारावेत. झाक आलीच तर कोरड्या दिवशी सावकाश सुकणाऱ्या थिनरचा हलका हात दिल्यास बहुतेक वेळा ती जाते. म्हणून कापणी, जोडणी आणि सोल्डरिंग जून ते सप्टेंबरात उरकून रंग ऑक्टोबरनंतर काढणे शहाणपणाचे. पावसात रंग द्यायचाच असेल तर पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक ब्रशने द्यावा. फेव्हिक्विकच्या वाफांचा पांढरा थरही दमट हवेत जास्त बसतो, त्यामुळे काचा सर्वांत शेवटी आणि पारदर्शक रबरी गोंदाने बसवाव्यात.

गंज दाखवायला कोकणाइतके सोयीचे ठिकाण नाही, कारण जांभ्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचाच आहे. जांभा खलून मलमलीतून गाळलेली पूड, गेरू आणि थोडे काजळ यांची तीन छटांची चूर्णे तयार ठेवावीत. आधी तपकिरी थर देऊन वाळवावा, त्यावर पाणी फवारून जिथे पत्रा खरोखर कुजतो तिथेच, म्हणजे चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि हौद्याचे कोपरे इथे, खडे मिठाचे बारीक कण पेरावेत. पाणी सुकले की वर गाडीचा रंग मारावा आणि तो वाळल्यावर मीठ ओल्या ब्रशने घासून काढावे. खालचा गंज खपल्या पडल्यासारखा उघडा होतो. त्यानंतर बॉडी गोड्या पाण्याने दोनदा धुवावी. मिठाचा कण राहिला तर तो ओल ओढून घेतो आणि वार्निशखाली फोड येतात. शेवटी चूर्ण कोरड्या ब्रशने चोळून मॅट वार्निशने बांधावे. सगळ्या गाडीभर सारखा गंज चढवणे हा या कामातला सर्वांत मोठा दोष आहे. छताचा मधला भाग बहुधा फिकट पडतो, कुजत नाही.

चालवताना

कोरडा जांभा खडबडीत असतो, टायर त्याला घट्ट धरतात, पण मऊ टायर लवकर झिजतात. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरले की तोच कातळ साबणासारखा होतो. भारी बॉडी आणि चिकट चिखल यांमुळे स्टिअरिंगवर ताण येतो, म्हणून २० किलो-सेंमीच्या आसपासच्या ताकदीचा जलरोधक सर्वो, म्हणजे चाके वळवणारी छोटी मोटर, लावावा. कमी ताकदीचा सर्वो दगडात अडकून जास्त करंट ओढतो, रिसीव्हरचा व्होल्टेज पडतो आणि गाडी मध्येच बंद पडते. दोष रिमोटचा वाटतो, पण तो सर्वोचा असतो.

पुळणीवर आणखी एक अडचण असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असते. मोटरच्या चुंबकाला ही वाळू चिकटते आणि आत शिरून ब्रश खाते. बॉडी चुंबकांवर बसवली असेल तर तिथेही तिचा थर साचतो आणि पकड सुटते. अशा किनाऱ्यावर बंद आवरणाची मोटर घ्यावी आणि बॉडीला चुंबकाऐवजी क्लिप लावाव्यात.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गाडी नेताना जागा पाहावी लागते. उक्षी, देवाचे गोठणे, बारसू, कुडोपी अशा ठिकाणच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत, त्यांच्या रेषांवरून चाक फिरवणे कोणत्याही कारणाने योग्य नाही. भाद्रपदाच्या सुमारास सड्यावर फुले असतात, तेव्हा तिथे न जाता चिरेखाणीची सोडलेली जागा मालकाला विचारून वापरावी. वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर विणीच्या काळात गाडी उतरवू नये.

खाऱ्या पाण्यात ट्रक मुद्दाम घालू नये. लाट आलीच तर बॅटरी लगेच काढावी, गाडी गोड्या पाण्याने धुवावी, पंख्याखाली वाळवून बेअरिंगमध्ये हलके तेल सोडावे. नुसते पुसून ठेवलेले ५ × ११ × ४ मिमीचे बेअरिंग दोन दिवसांत खरखर करू लागतात. स्क्रू स्टेनलेसचे घ्यावेत, पण अॅल्युमिनियममध्ये बसवताना ग्रीस लावावे, नाहीतर खारटपणाने दोन्ही धातू एकमेकांत अडकून स्क्रूचे डोके तुटते. निळा थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव, फक्त धातूत धातू असेल तिथेच लावावा, कारण एबीएस आणि लेक्सनला त्याने तडे जातात. गाडी ठेवताना लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी प्रति सेल ३.८ व्होल्टवर आणून वेगळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. ट्रकच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून टायर जमिनीला टेकणार नाहीत असा त्याचा सांगाडा ठोकळ्यावर उचलून ठेवावा, म्हणजे पुढच्या उघडिपीपर्यंत टायरच्या आतला फोम एका बाजूने चपटा होत नाही.