आधी पावलं मोजा, मग लेन्स घ्या

‘पोर्ट्रेटसाठी पन्नास घेऊ की पंच्याऐंशी?’ कॅमेरा घेऊन सहा महिने झाले की हा प्रश्न हमखास पडतो. उत्तरही ठरलेलं असतं: ८५ मिमीची लेन्स घ्या, त्यात चेहरा चांगला येतो. सल्ला बऱ्याच वेळा बरोबर निघतो, पण त्यामागचं कारण चुकीचं आहे. चुकीच्या कारणावर विसंबून पैसे घातले की लेन्स कपाटात पडून राहते. चेहऱ्याची ठेवण फोटोत कशी उतरेल, हे कॅमेरा आणि चेहरा यांच्यातलं अंतर ठरवतं. लेन्सचा नंबर त्यानंतर येतो.

हिशोब साधा आहे. मोठ्या माणसाच्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली साधारण १२ सेंमी असते. कॅमेरा नाकापासून ३० सेंमीवर असेल तर कान ४२ सेंमीवर पडतो, म्हणजे कानाच्या मानाने नाक ४० टक्के मोठं उमटतं. ६० सेंमीवर हा फरक २० टक्क्यांवर येतो, दीड मीटरवर ८ आणि अडीच मीटरवर ५ टक्क्यांवर. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी गणिती प्रारूप वापरून हेच दाखवलं होतं: १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा पाया ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. गप्पा मारताना समोरचा माणूस आपल्याला साधारण दीड-दोन मीटरवरून दिसतो. म्हणून त्या अंतरावरून टिपलेला चेहरा ओळखीचा वाटतो, आणि अगदी जवळून टिपलेला ‘हा मी नाहीच’ असं म्हणायला लावतो.

यात लेन्सचा हात नाही, हे पडताळून पाहता येतं. दीड मीटरवर उभं राहून ३५ मिमीने फोटो काढा आणि मधला चेहऱ्याचा भाग कापून घ्या. तिथूनच ८५ मिमीने काढलेल्या फोटोशेजारी तो ठेवला तर नाक, गाल, कान यांचं प्रमाण तंतोतंत जुळतं. मग ३५ मिमी पोर्ट्रेटला बदनाम का? कारण चौकट भरायची म्हणून फोटो काढणारा पुढे सरकत जातो आणि नकळत ६० सेंमीवर पोचतो.

म्हणजे दीड ते अडीच मीटरवर उभं राहायचं, हे आधी ठरवायचं. त्या अंतरावरून चौकटीत किती मावायला हवं, त्यावरून फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवरचा मिमीचा आकडा, निघते. ढोबळ सूत्र असं: चौकटीत मावायची उंची भागिले सेन्सरची त्या दिशेची बाजू, गुणिले फोकल लेंग्थ, अधिक एक फोकल लेंग्थ. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा. कॅमेरा उभा धरून डोकं आणि खांदे असा ६० सेंमीचा भाग घ्यायचा तर ५० मिमीला सुमारे ९० सेंमीवर यावं लागतं, ८५ ला दीड मीटरवर आणि १३५ ला २.४ मीटरवर. ८५ मिमी पोर्ट्रेटला बरी पडते ती एवढ्याचसाठी. खांद्यापर्यंतचा फोटो घेताना ती आपल्याला बरोबर हव्या त्या अंतरावर उभं करते.

आता हेच सूत्र पूर्णाकृती फोटोला लावा. डोक्यावर-पायाखाली थोडी जागा धरून २ मीटर उंची मावायला हवी. ८५ मिमीला ४.८ मीटर लागतात, १३५ ला ७.६ मीटर, ५० ला २.८ मीटर. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली बेडरूम दहा बाय दहा फुटांची, म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत ३ मीटर. त्यात पलंग आणि कपाट. अशा घरात ८५ मिमीने साडी नेसून उभ्या असलेल्या माणसाचा पदर ते पाय असा फोटो निघणारच नाही, दाराबाहेर जाऊन उभं राहिलं तरच. घरातली बारशी, डोहाळजेवणं, मुंजी हेच मुख्य काम असेल तर आधी ३५ किंवा ५० घ्यावी. जवळ गेल्यावर चेहरा चौकटीच्या कडेला जाऊ द्यायचा नाही, एवढं पथ्य पाळावं. १३५ मिमी मैदान, बाग किंवा किनाऱ्यासाठी. तीही अर्ध्याकृती फोटोपर्यंत सोयीची. साडेसात मीटरवरून ‘हनुवटी जरा खाली’ हे ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडून सूचना ऐकणाऱ्याचा चेहरा सैल राहत नाही.

क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरवर, आकडे बदलतात. निकॉन, सोनी, फुजीच्या एपीएस-सी या मापाच्या कॅमेऱ्यांवर फोकल लेंग्थला दीडने गुणायचं, कॅननवर १.६ ने, मायक्रो फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरवर २ ने. एपीएस-सीवर ५० मिमीने खांद्यापर्यंतचा फोटो १.३ मीटरवरून येतो, ५६ ने साधारण दीड मीटरवरून. त्याच कॅमेऱ्यावर ८५ लावली तर २.३ मीटर लागतात आणि पूर्णाकृतीला ७ मीटरहून जास्त. क्रॉप बॉडीवर पहिली पोर्ट्रेट लेन्स म्हणून ८५ घेणं ही सर्रास होणारी चूक आहे.

पैसे घालण्याआधी एक करून बघावं. जिथे नेहमी फोटो काढता तिथे जमिनीवर चिकटपट्टीने दीड मीटर आणि अडीच मीटरच्या खुणा करा. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ झूम लावून त्या खुणांवर उभे राहा, चौकट मनासारखी जमेपर्यंत झूम फिरवा आणि फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ किती नोंदली गेली ते बघा. चाळीस-पन्नास फोटोंमध्ये एखादा आकडा पुन्हा पुन्हा येतो. झूम ५५ ला अडकून राहिली आणि तरी अपुरी पडली, तरच पुढचा विचार करायचा.

प्राइम, म्हणजे झूम नसलेली एकाच फोकल लेंग्थची लेन्स, घेण्याचं दुसरं कारण म्हणजे धूसर पार्श्वभूमी. इथे लोक एफ-आकड्याकडे (एफ/१.८ मधल्या १.८ कडे) बघतात, पण बघायला हवं ते समोरून दिसणाऱ्या भोकाच्या व्यासाकडे. फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागलं की तो मिळतो. ५० मिमी एफ/१.८ चं भोक २८ मिमी, ८५ मिमी एफ/१.८ चं ४७ मिमी, १३५ मिमी एफ/१.८ चं ७५ मिमी. चेहऱ्यावर फोकस असताना खूप दूरवरचा दिव्याचा ठिपका पसरून जी चकती होते, ती चेहऱ्याच्या मापाने मोजली तर बरोबर या भोकाएवढी भरते. ५० मिमीने माणसामागचा दूरचा रस्त्यावरचा दिवा दहा रुपयांच्या नाण्याएवढा, ८५ ने लिंबाएवढा, १३५ ने संत्र्याएवढा. प्रकाशशास्त्रातला इतका सुटसुटीत आणि इतका उपयोगी नियम क्वचितच सापडेल. एपीएस-सीवरची ५६ मिमी एफ/१.२ आणि फुल फ्रेमवरची ८५ मिमी एफ/१.८ सारखाच फोटो का देतात, तेही यातून कळतं. दोघींचं भोक ४७ मिमीच.

पार्श्वभूमी जवळ असेल तर चकती त्या प्रमाणात आकसते. माणूस दीड मीटरवर आणि भिंत त्याच्या मागे अर्ध्या मीटरवर असेल तर ४७ मिमीच्या फक्त चौथा हिस्सा, म्हणजे १२ मिमी. भिंत दीड मीटर मागे गेली की निम्मी, साडेचार मीटर मागे गेली की पाऊण. म्हणून महागडी एफ/१.२ शोधण्याआधी माणसाला भिंतीपासून दूर उभं करावं. ८५ मिमी एफ/२.८ वर ठेवली आणि भिंत साडेचार मीटर मागे असली, तर जेवढी धूसरता मिळते तेवढीच एफ/१.८ वर भिंत दीड मीटर मागे असताना मिळते. फरक एवढाच की एफ/२.८ वर चेहरा जास्त खोलवर स्पष्ट राहतो.

ती खोली किती असते, हे एकदा आकड्यांत बघितलं की फसलेल्या फोटोंचा उलगडा होतो. खांद्यापर्यंतच्या चौकटीत, फुल फ्रेमवर, एफ/१.४ ला स्पष्ट दिसणारा थर सुमारे अडीच सेंमी जाड असतो. एफ/१.८ ला तीन सेंमीच्या थोडा वर, एफ/२.८ ला पाच, एफ/४ ला सात. चौकट तीच ठेवली तर लेन्स ५० असो की १३५, हे आकडे जवळपास तेच राहतात. चेहरा थोडा वळलेला असेल तर एक डोळा दुसऱ्यापेक्षा तीन-चार सेंमी मागे जातो. मग एफ/१.४ वर पुढच्या डोळ्याच्या पापण्या मोजता येतात आणि मागचा डोळा विरघळून जातो. वळलेल्या एका चेहऱ्याला एफ/२.८, जोडप्याला एफ/४, तिघांहून अधिक असतील तर एफ/५.६ हा भरवशाचा ठोकताळा आहे.

फोकस चुकण्याची बहुतेक कारणंही याच पातळ थरात आहेत. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस घेऊन मग कॅमेरा वळवण्याची सवय अनेकांना असते. डोळा चौकटीच्या एक-तृतीयांश रेषेवर आणायचा तर ८५ मिमी चारच अंश वळते, त्यात चूक ४ मिमीची, चालून जाते. डोळा थेट कडेपर्यंत नेला तर कोन १२ अंशांचा होतो आणि फोकसचं प्रतल तीन सेंमीहून जास्त मागे सरकतं: डोळ्याऐवजी कानशिलं स्पष्ट. शिवाय काढणारा आणि समोरचा, दोघंही उभ्या उभ्या एखाद-दोन सेंमी डुलतात. त्यावर उपाय म्हणजे डोळा ओळखणारा ऑटोफोकस सतत चालू ठेवणं आणि तीन-चार फोटो सलग घेणं. आरशाच्या जुन्या डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळ्या मार्गावर असल्याने लेन्स थोडी पुढे किंवा मागे फोकस धरू शकते. कॅमेऱ्यात हा फरक भरून काढणारी फाइन-ट्यूनची सोय असेल तर लेन्स घेतल्याच्या दिवशीच ते जुळवून घ्यावं.

दख्खनच्या उन्हाचंही एक गणित आहे. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला भर उन्हात एफ/१६ आणि १/१०० सेकंद हे एक्स्पोजर धरतात. तिथून एफ/१.८ पर्यंत आलं की शटर १/८००० लागतं. पुष्कळ साधे कॅमेरे १/४००० ला थांबतात आणि फोटो जास्त उजळ येतो. तीन स्टॉपचा, म्हणजे उजेड आठपट कमी करणारा, एनडी फिल्टर (काळसर काच) लावावा, किंवा त्याहून बरं म्हणजे माणसाला झाडाच्या सावलीच्या कडेला आणावं.

काचेच्या गुणांकडे बघताना हे लक्षात घ्यावं की पोर्ट्रेटची लेन्स हा प्रकार फोटोग्राफीइतकाच जुना आहे. १८४० मध्ये व्हिएन्नात गणितज्ञ योझेफ पेत्सवालने एफ/३.६ ची लेन्स आकडेमोडीने रचली आणि फॉइग्टलेंडरने ती बनवली. त्याआधी मिनिटं मिनिटं निश्चल बसावं लागे. या लेन्सचा मध्य लख्ख आणि कडा सुटलेल्या, त्यामुळे मागची पानं चेहऱ्याभोवती गरगरल्यासारखी दिसतात. तो खरं तर दोष, पण आजही लोक तो मुद्दाम शोधतात. पोर्ट्रेटमध्ये कडेच्या तीक्ष्णतेला फार किंमत देऊ नये, ते यासाठीच.

दोन दोष मात्र त्रास देतात. पहिला रंगाचा. मोत्याच्या नथीवर ऊन पडलेलं असताना एफ/१.४ वर फोटो काढा आणि शंभर टक्के मोठा करून बघा: फोकसच्या पुढच्या सोन्याच्या तारेला जांभळट कडा, मागच्या मोत्याला हिरवट. एफ/२.८ ला तो बहुतेक जातो. नंतर संगणकावर काढायला गेलं तर दागिन्याचा मूळ रंगही मरतो. दुसरा दोष चकत्यांच्या कडांचा. लेन्सच्या गोलीय विपथनाची (कडेचे आणि मधले किरण एका जागी न जुळण्याची) दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त झाली असेल तर मागच्या चकत्यांना उजळ कड येते आणि फांद्या, तारा दुहेरी दिसतात. दुकानात दहा-बारा फुटांवर मोबाइलचा दिवा लावून, जवळ फोकस करून, तो मध्ये आणि कोपऱ्यात घेऊन बघावा. कोपऱ्यात चकती मांजरीच्या डोळ्यासारखी चपटी होणं स्वाभाविक आहे. कडेला ठळक वर्तुळ दिसलं तर दुसरी लेन्स मागावी.

एफ/१.८ आणि एफ/१.२ मध्ये वजनाचा फरक मोठा आहे. सोनीची ८५ एफ/१.८ ३७१ ग्रॅमची, कॅननची आरएफ ८५ एफ/१.२ जवळजवळ १२०० ग्रॅमची. रोज कमाईसाठी वापरणार नसाल तर एफ/१.८ घ्या आणि उरलेल्या पैशांत एक रिफ्लेक्टर (चेहऱ्यावर उजेड परतवणारा पडदा).

जुनी लेन्स घेताना निकॉनवाल्यांनी एक तपासावं: डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे ८५ एफ/१.८डी त्यावर हातानेच फोकस करावी लागते; लेन्समध्येच मोटर असलेली एएफ-एस जी प्रकारची हवी. मग लेन्सची दोन्ही झाकणं काढून भोक पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बॅगेत गुंडाळून ठेवलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. सुरुवातीला ती निघते, पण मुरली की काचेवरचा थर खाते आणि तो डाग कायमचा. भोक उघडमिट करणाऱ्या पात्यांवर तेलाची चमक असेल तर ती लेन्सही नाकारावी, कारण पाती चिकटून उशिरा मिटतात आणि फोटो जास्त उजळ येतात. घरी आणल्यावर लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये जेलचा रंग बदलला का ते दर आठवड्याला बघावं.